पुढे चालणारा माणूस

त्या संग्रहालयाचा एक नियम होता. तळघरातल्या कोठारातून वर न्यायची वस्तू कितीही लहान असो, एकट्याने न्यायची नाही. एकाने ती दोन्ही हातांत धरायची आणि दुसऱ्याने मोकळ्या हातांनी पुढे चालायचं, दारं उघडायची, वाट सांगायची. धरणाऱ्याची नजर वस्तूवरून हलता कामा नये.

काकांनी जन्मभर वस्तू धरल्या आणि तात्या जन्मभर त्यांच्या पुढे चालले. काकांकडे इराणचा विभाग होता, म्हणून सगळे त्यांना 'इराणी काका' म्हणत. त्या देशात ते कधी गेले नव्हते, पण तो देश त्यांच्या हातांवरून पुष्कळदा जाऊन आला होता. शिकारीला निघालेल्या राजाचं चांदीचं ताट दिसतं त्याहून जड. भिंतीवरून निखळलेल्या निळ्या फरशीच्या कडा बोटाला लागणाऱ्या. आणि काठावर काळी अक्षरं असलेला तो पांढरा मातीचा वाडगा, ठिकठिकाणी सांधलेला, इतका हलका की हातात आहे की नाही याचा भरवसा वाटू नये. कोणत्या राजामागून कोण आला, हे संग्रहालयाचे साहेब मोठ्या हौसेने सांगत. काका मान डोलवत आणि घरी पोचेपर्यंत विसरून जात. वजनं मात्र विसरत नसत.

तात्यांचं बोलणं मोजकं. "दार." "वळण." "पायरी." एवढ्यावर इतकी वर्षं निभावली. डबाही दोघे शेजारी बसून मुकाट्याने खात. मग तात्यांचे गुडघे गेले, मुलगी येऊन त्यांना आपल्या गावी घेऊन गेली आणि काका कोठारात एकटे उरले. घरी एकटेच होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण घरचं एकटेपण अंगवळणी पडलं होतं. कोठारातलं नवं होतं.

अशात वरचं जुनं दालन इराणसाठी नव्याने उघडायचं ठरलं. तात्यांच्या जागी सामानघरातल्या बाई आल्या, लोकांच्या पिशव्या आणि छत्र्या सांभाळणाऱ्या. साहेबांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "जमवून घ्या, काका. नाही जमलं तर बाहेरची माणसं बोलवावी लागतील. तुम्हाला मग फाटकाजवळ खुर्ची देतो."

वाडगा परक्यांच्या हाती जायला नको, म्हणून काकांनी 'जमवतो' म्हटलं.

शनिवारी त्यांनी ताट उचललं. बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "या काका, दार उघडलंय. आता वळा. अगबाई, जपून, इथे पायरी आहे. काय उंच बांधलीय मेल्यांनी. आमच्या जाऊबाई असत्या ना, तर..."

काका जागच्या जागी थांबले. "बाई, पायरी एवढंच म्हणा."

"आणि ती उंच आहे ते?"

"मला माहीत आहे."

"सगळंच माहीत आहे, तर मी पुढे कशाला नाचतेय?"

ताट वर पोचवून परत येताना काका म्हणाले, "सोमवारी वाडगा न्यायचाय. काही बोलूच नका. नुसती दारं उघडा."

बाईंनी फुगून "बरं" म्हटलं.

सोमवारी बाई शब्द पाळून गप्प राहिल्या. काकांना बरं वाटलं. नजर वाडग्यावर आणि कानात तात्या होतेच. दार. वळण. पुन्हा दार. दालनाच्या तोंडाशी कानातले तात्या म्हणाले, पायरी. काकांनी सवयीने पाय उचलला आणि तो नुसताच हवेतून खाली आला. तोल गेला. वाडगा तळहातांवर सरकला. बाई उलट्या पावली, काकांकडे तोंड करून चालत होत्या; त्यांनी दोन्ही तळव्यांनी काकांचे खांदे रोखून धरले. दोघं तशीच उभी राहिली. वाडगा शाबूत होता.

"पायरी कुठे गेली?" काकांनी विचारलं.

"काल फोडली. चाकांच्या खुर्च्यांसाठी उतार केलाय." बाईंनी अजून खांदे सोडले नव्हते. "मी सांगणार होते हो. पण तुम्ही तोंड शिवून टाकलंत ना माझं."

काकांनी एक श्वास घेतला. "बोला," ते म्हणाले. "काय हवं ते बोला. जाऊबाईंचंही सांगा."

जाऊबाईंची हकीकत पुरी व्हायच्या आत वाडगा काचेच्या कपाटात बसला. बाईंनी काठावरची अक्षरं निरखली. "काय लिहिलंय?"

"मालकाला सुख मिळो, असं काहीतरी. साहेब सांगत होते."

"कोण मालक?"

"नाव नाही लिहिलेलं."

त्या संध्याकाळी काकांनी तात्यांना फोन लावला.

"तात्या, दालनाच्या तोंडाशी पायरी होती ना, ती काढली."

तात्यांनी विचारलं, "मग आता तिथे काय म्हणतात?"

"नव्या बाई आहेत. पुष्कळ काही म्हणतात."

"वाडगा गेला वर?"

"गेला."

"कुणी धरला?"

"मीच."

"हं."

पुढे दोघांनाही काही सुचेना. बोलायची सवयच कधी लागली नव्हती. पण फोन कुणी बंद केला नाही. पलीकडे भांडी वाजत होती, कुणीतरी कुणाला जेवायला हाका मारत होतं. काका आपल्या खोलीत फोन कानाला लावून ते ऐकत बसले.

शेवटी नातीचा आवाज आला, "आजोबा, कधीचे गप्पच आहात. आहे का कुणी फोनवर?"

"आहेत," तात्या म्हणाले.