न बसवलेली पेटी

व्हर्लिन स्टॅम्परने आमच्या खोऱ्यातल्या पोरांना जन्मभर शाळेत नेलं आणि घरी परत आणलं. केंटकीच्या या डोंगराळ भागातले रस्ते म्हणजे एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला ओढा. त्यातून ती लांबलचक पिवळी बस तो अशी काढायचा, की मागच्या बाकावर एखादं पोर डुलक्या घेत असलं तर त्याची झोप मोडू नये. पोरं त्याला पापॉ म्हणायची. आमच्याकडे आजोबांना तसंच म्हणतात. त्याला स्वतःची नातवंडं झाली ती फार नंतर.

माझं घर त्याच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे. त्याची बायको ओलीटा माझी मैत्रीण. यातलं जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, ते तिनं मला सांगितलेलं आहे.

व्हर्लिनकडे एक लहानसं रिव्हॉल्व्हर होतं, सासऱ्याकडून आलेलं. आमच्या भागात घरात बंदूक असणं म्हणजे कुऱ्हाड असण्यासारखंच, कुणाला त्याचं काही वाटत नाही. ते पलंगाशेजारच्या खणात मोज्यांखाली पडून असायचं. मग त्यांच्या लेकीची, रनीची, मुलं चालायला लागली. लेक्सिंग्टनहून तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, ते कुलपात जात नाही तोवर मी पोरांना तिकडे आणायची नाही."

व्हर्लिन त्याच आठवड्यात जाऊन पेटी घेऊन आला. बुटांच्या खोक्याएवढी, काळ्या पत्र्याची, किल्लीची. तळाला भोकं होती आणि सोबत जाड बोल्ट. पेटी उघडून आतून बोल्ट मारायचे, ते जमिनीच्या फळ्यांमधून खालच्या तुळईत घट्ट बसवायचे. म्हणजे पेटी उघडल्याशिवाय ती कुणाला उचलता येत नाही.

तो ड्रिल घेऊन झोपायच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटाशी गेला, तर ओलीटा दारात उभी.

"काय करतोयस?"

"बोल्ट मारतोय."

"माझ्या नव्या जमिनीला भोकं पाडणार तू?"

ती जमीन ओकच्या फळ्यांची. बिचारीनं वर्षानुवर्षं उसवलेल्या गालिच्यावरून पाय ओढले होते, आणि तेव्हा कुठे तिची ती जमीन झाली होती. पॉलिशचा वास अजून घरात होता.

"अगं, कागदावर लिहिलंय तसं."

"ज्यानं लिहिलंय त्याला म्हणावं, ये आणि माझी जमीन पूस. पोरांच्या हाताला लागू नये म्हणून आणलीस ना? कुलूप आहे ना तिला? मग झालं तर."

व्हर्लिन हसला. "तुझ्यापुढे कुणाचं चाललंय," म्हणाला, आणि रिव्हॉल्व्हर आत घालून पेटी तशीच कपाटात, बुटांच्या मागे ठेवून दिली. बोल्ट गेले स्वयंपाकघरातल्या खणात. रनी पोरांना घेऊन आली आणि उन्हाळा छान गेला.

चोरी झाली ती पानगळीत, भर रविवारी. दोघं चर्चमध्ये होती. प्रार्थनेनंतर तिथंच सगळ्यांचं जेवण होतं, त्यामुळे यायला उशीर झाला. मागच्या दाराची काच फुटलेली. ओलीटाच्या गुडघेदुखीच्या, नशा आणणाऱ्या गोळ्या गेल्या होत्या. आमच्याकडच्या निम्म्या चोऱ्या असल्या औषधांसाठीच होतात. कपाटातले बूट खोलीभर विखुरलेले, आणि पेटी नव्हती.

शेरीफच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोलिसांच्या, ऑफिसातला लोवेल आला. तोही लहानपणी व्हर्लिनच्या बसमधून गेलेला. त्यानं कपाटात वाकून पाहिलं.

"बसवली नव्हती का, पापॉ?"

"नाही."

"हं. इथं फोडत बसले असते तर वेळ लागला असता. आवाज झाला असता. बहुतेक सोडून पळालेच असते. नुसतीच ठेवलेली म्हटल्यावर काखेत मारून नेली. आता कुठंतरी शेडमध्ये बसून निवांत पहारीनं उचकटतील."

ओलीटा फुटलेली काच गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही. व्हर्लिन म्हणाला, "माझी हयगय झाली."

हिवाळ्यात एका संध्याकाळी चौकातल्या पेट्रोल पंपाच्या दुकानात एक माणूस घुसला आणि गल्ल्यावरच्या मुलीला गोळी घालून पळाला. दुसऱ्या दिवशी त्याला पकडलं. तो परक्या गावचा होता. पेटी चोरणारा तो नव्हेच, त्यानं ते रिव्हॉल्व्हर दुसऱ्याच कुणाकडून विकत घेतलं होतं. पण त्यावरचा नंबर व्हर्लिननं चोरी कळवताना लिहून दिला होता तोच होता.

लोवेल सांगायला आला तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात होते. तो टोपी हातात धरून उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"तुझ्यावर काही येत नाही, पापॉ. तू चोरी कळवली होतीस. कायद्यानं तुझा काही संबंध नाही."

"मुलगी कोण होती?" व्हर्लिननं विचारलं. गावात बातमी पसरली होती, पण नाव अजून आमच्यापर्यंत आलं नव्हतं.

लोवेलनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मारिसा. डार्ला नेपियरची."

मारिसा नेपियर कायम व्हर्लिनच्या अगदी मागच्या बाकावर बसायची. तिला वळणावर मळमळायचं. तो तिच्यासाठी खिडकीशी पेपरमिंट ठेवायचा आणि तिला गोष्टी सांगायला लावायचा, म्हणजे तिचं पोटाकडे लक्ष जाऊ नये. शाळा संपल्यावरही दुकानात त्याच्याकडून ती कॉफीचे पैसे घेत नसे. म्हणायची, "पापॉ, मी तुमच्या बसमध्ये किती वेळा ओकलेय, त्याची भरपाई."

व्हर्लिन उठला आणि मागच्या अंगणात गेला. बराच वेळ तिथं पाठमोरा उभा राहिला. ओलीटा खिडकीतून बघत होती. तिचे हात साबणाच्या पाण्यात होते आणि ते हलत नव्हते.

अंत्यसंस्काराला दोघं सर्वांत मागे उभी राहिली. गावानं व्हर्लिनला एक शब्द ऐकवला नाही. उलट लोक येऊन खांद्यावर हात ठेवत होते, तुझा काय दोष म्हणत होते, आणि प्रत्येक हाताबरोबर तो खाली खाली जात होता.

मग तो एकटाच डार्लाकडे गेला. डार्ला शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. इतकी वर्षं रोज सकाळी ती त्याला मागच्या दारातून गरम बिस्किट, म्हणजे आमच्याकडचा मऊ पाव, द्यायची. तिनं दार उघडलं. आत यायला सांगितलं नाही. तोही पायरीवरच थांबला.

"डार्ला, ती पेटी माझी होती. मी ती जमिनीला बसवायला हवी होती. ड्रिल हातात होतं माझ्या. बसवली नाही."

"तू माझ्या पोरीला इतकी वर्षं सुखरूप घरी आणून सोडलंस," ती म्हणाली. "त्यामुळे मला तुझ्यावर ओरडताही येत नाही, व्हर्लिन. ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं."

"ओरड."

"नाही येत. तू जा आता. आणि परत येऊ नकोस. तुला बघितलं की बस थांबल्यासारखं वाटतं, आणि मग ती उतरत नाही."

हे त्यानं ओलीटाला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

वसंतात चर्चच्या जेवणाला तो उभा राहिला. आधी कधी चार लोकांपुढे बोललेला नव्हता. म्हणाला, ज्यांच्या घरी अशी पेटी नुसतीच ठेवलेली आहे त्यांनी मला सांगा, मी येऊन बसवून देईन. मग तो गाडीत ड्रिल आणि बोल्ट टाकून घरोघर जायला लागला. या वयात लोकांच्या कपाटात कुशीवर आडवा होऊन काम करायचा. कोपरा निवडायचा, जिथं पहार घालून जोर लावायला जागा मिळणार नाही. ठोकून ठोकून खालची तुळई शोधायचा. नुसत्या फळीत मारलेला बोल्ट एका हिसड्यात उपटून येतो, असं सांगायचा. किल्ली त्याच खोलीत ठेवू नका. पेटी कुठं आहे ते कुणाला सांगू नका, भावालाही नाही.

"मग तुला तरी का सांगू?" म्हातारा ओर्व्हिल त्याला म्हणाला. "आता सगळ्या खोऱ्याच्या पेट्या तुला ठाऊक. तूच फोडशील."

व्हर्लिन हसला म्हणे. बऱ्याच महिन्यांनी हसला.

घरी मात्र काही ठीक नव्हतं. ओलीटा वाळत चालली होती. ती माझ्याकडे येऊन बसायची आणि एकच बोलायची, "तो मला म्हणत का नाही गं? मी अडवलं त्याला. गावभर स्वतःचं नाव सांगत फिरतो. एकदा तरी म्हणावं की ओलीटा, तुझ्या जमिनीपायी झालं."

मी तिला कॉफी दिली.

उन्हाळ्यातली एक दुपार. मी त्यांच्याकडे अंडी द्यायला गेले होते, आणि व्हर्लिनची गाडी त्याच वेळी दारात आली. आतून ड्रिलचा आवाज येत होता. आम्ही दोघं झोपायच्या खोलीत गेलो. ओलीटा रिकाम्या कपाटात गुडघ्यांवर बसून जमिनीला भोकं पाडत होती. किती पाडली, त्याला हिशेब नव्हता. तिला गुडघे टेकवत नाहीत, तरी टेकले होते. झग्यावर, केसांत, भुवयांवर ओकचा भुसा.

व्हर्लिननं आधी भिंतीतला प्लग काढला. मग तिच्याशेजारी खाली बसला.

"मीच नको म्हणाले होते," ती म्हणाली.

"कधी?"

"तुला माहितेय कधी."

"मला नाही आठवत. मी आळस केला, ओलीटा. दुसरं काही नाही."

"खोटं बोलू नकोस. एकदा म्हण. मी पाया पडते तुझ्या, एकदा म्हण."

तो तिच्या केसांतला भुसा बोटांनी काढत राहिला. "तू काही म्हणाली नव्हतीस," तो म्हणाला. ती त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होती, की मी अंडी तिथंच टेबलावर ठेवून बाहेर आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ओलीटा लेक्सिंग्टनला रनीकडे राहायला गेली. भांडण झालं नाही. जाताना तिनं त्याच्यासाठी घेवड्याचं कालवण करून डब्यांत भरून ठेवलं. मला म्हणाली, "तो इतका चांगला वागतो की मला त्या घरात श्वास घेता येत नाही." व्हर्लिन रविवारी तिला भेटायला जातो. दोघं ओसरीवर बसतात, नातवंडांबद्दल बोलतात, आणि अंधार पडायच्या आत तो परततो.

मागे एकदा तो कुंपणाची झुडपं छाटत होता, तेव्हा मी त्याला विचारलंच. "म्हणून टाक ना एकदा तिला. तिलाच हवंय ते. परत येईल ती."

त्यानं हातातली कात्री खाली केली. "म्हटलं, तर मारिसा तिच्या माथी बसेल," तो म्हणाला. "तिला नाही झेपायची."

"आणि तुला झेपते?"

त्यानं कुंपणाची उरलेली बाजू छाटली, पानं गोळा केली, आणि खालच्या वळणावरच्या नवीन जोडप्यानं बोलावलं होतं, तिकडे तो ड्रिल घेऊन गेला.