गाबोळीच्या आशेने आणलेली मुशी

माशांच्या बाबतीत मी स्वतःला जाणकार समजत आलो, आणि त्याला आधार एवढाच की माझं गाव तापीकाठचं. तीच तापी पुढे सुरतेत येते, तिच्यामागोमाग मीही आलो. कडोदऱ्याच्या कारखान्यात कापडाचे ताके तपासतो. तुटलेला धागा मला दहा हातांवरून दिसतो, असा माझा दावा. बायको म्हणते, कपाळावरचा चष्मा मात्र दिसत नाही.

मुलगी बाळंतपणाला घरी आली होती. सातवा महिना. गेल्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं होतं, मुलगा होता, त्यामुळे या वेळी आम्ही सगळे दबकून वावरत होतो. घरात तो विषय काढायचा नाही, हा हुकूम माझाच. तिला त्रास होऊ नये म्हणून, असं मी सांगायचो. खरं तर भीती मलाच वाटायची.

एका रविवारी ती म्हणाली, "पप्पा, गाबोळी खावीशी वाटते." लेकीचे डोहाळे पुरवायचे म्हटल्यावर मी थैली घेऊन थेट हजीऱ्याच्या बाजूला, समुद्राकाठच्या मासळीबाजारात गेलो. गाबोळी म्हणजे माशाची अंडी, आणि आमच्या नदीचा नियम साधा: पोट फुगलेला मासा घ्यावा. तिथे हातभर लांबीच्या मुशा मांडल्या होत्या. पाच-सहा पोटं दाबून मी सगळ्यांत टम्म मुशी निवडली. विकणारी मावशी म्हणाली, "काका, आ रेहवा दो, बीजी लो." ही राहू द्या, दुसरी घ्या, म्हणते म्हणजे हिने चांगला माल कुणासाठी तरी राखून ठेवला असणार, हे मी लगेच ओळखलं. आपण काय कच्च्या गुरूचे चेले? हट्टाने तीच घेतली. मावशी कापून देत होती, तेही नको म्हणालो.

घरी सुरी चालेना. कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत. कसंबसं पोट उघडलं, तर आत अंडी नव्हतीच. बोटभर लांबीची पिल्लं होती, डोळे-कल्ल्यांसकट तयार, आणि प्रत्येकाच्या पोटाला एक दोरा.

बायकोने डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "तुमले काही समजस का? घरमा पोटुशी पोर शे!"

ताट झाकायला मी घाईघाईने हाताला येईल ते उचललं, ती निघाली चाळणी. तेवढ्यात मुलगी येऊन उभी राहिली. ती क्लासमध्ये विज्ञान शिकवते. चाळणी बाजूला करून ती वाकून बघायला लागली.

"पप्पा, ही नाळ आहे."

मग तिने माझाच क्लास घेतला. मुशी ही शार्कचीच जात. ही छोटी मुशी किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात राहते, खाडीच्या तोंडाशीही येते. अंगात एक हाड नाही, सगळी कूर्चा. शार्कचे पूर्वज डायनासोरच्याही आधीपासून समुद्रात होते. बहुतेक मासे अंडी टाकून मोकळे होतात, पण ही पिल्लांना पोटात वाढवते आणि नाळेतून भरवते. "आपल्यासारखंच," ती म्हणाली. मी मान डोलावत होतो. इतक्या जुन्या खानदानातल्या गर्भारणीचं पोट मी बाजारात टोमॅटोसारखं दाबून पाहिलं होतं, त्याची लाज वाटत होती.

ती पिल्लांकडे बघतच राहिली. मी म्हणालो, "चल, तू आत जा. मी हे टाकून येतो." माझं नेहमीचं शहाणपण.

ती हलली नाही. "पप्पा, गेल्या वेळी त्याला तुम्हीच नेलं होतं ना? मला कुणी दाखवलंच नाही."

मीच नेलं होतं. मातीत ठेवण्याआधी कापड बाजूला करून एकदा पाहिलंही होतं. ते मी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"कसा दिसत होता?"

मला विषय बदलायचा होता. हजीऱ्याची मावशी, माशांचे भाव, काहीही चाललं असतं. शेवटी म्हणालो, "नाक माझं होतं. अगदी हेच, भजं."

"अरे देवा," ती म्हणाली, हसली, आणि ओट्याला धरून रडायला लागली. बायकोने तिला जवळ घेतलं. बऱ्याच वेळाने डोळे पुसत तिने विचारलं, "आणि केस?"

"होते ना. भरपूर. तुझ्यासारखे."

मग मी तिथेच फरशीवर बसलो आणि पाहिलं होतं तेवढं सगळं तिला सांगितलं.