सगाईचं बिनगोडाचं जेवण

नडियादच्या त्या खडकीत, एका दरवाज्याआडच्या आळीत, निरुबेनच्या स्वयंपाकाला कोणी नावं ठेवत नसे, कारण तो दुसऱ्यांदा खायची वेळ कोणी स्वतःवर येऊ दिली नव्हती. सासू होती तोवर चूल तिच्याकडे. नवरा गेल्यावर निरुबेन त्याच्या जागी वीज कचेरीत लागली आणि भाजी-आमटी कोपऱ्यावरच्या मफतकाकांकडून पार्सल येऊ लागली. तिला त्याचं काडीचं वैषम्य नव्हतं.

तेव्हा लेकीच्या, कृपालीच्या, सगाईचं जेवणही मफतकाकांकडूनच येणार हे उघड होतं. अडचण उभी राहिली ती आणंदहून आलेल्या फोनने. होणारी विहीण पुष्पाबेन दबक्या आवाजात म्हणाली, "बेन, आमच्या यांना शुगर आहे. परवाच दवाखान्यातून घरी आणलंय. गोड, भात, मैदा, बटाटा, सगळं बंद."

"मग त्यांच्यापुरतं वेगळं मागवते की."

"नका हो. मागे एका घरी असंच वेगळं ताट वाढलं, तर भर पंगतीतून उठून गेले. सोयरीक तिथेच मोडली. आणि कोणी आग्रह केला की मात्र नाही म्हणवत नाही. भाच्याच्या लग्नात जिलेब्या खाल्ल्या आणि थेट सलाईनवर गेले."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. वेगळं वाढावं तर पोरीचं लग्न मोडणार, सगळ्यांसारखं वाढावं तर व्याही आडवा होणार. निरुबेनने सरळ वाट धरली. व्याह्यांचं पथ्य ते अख्ख्या पंगतीचं पथ्य.

"पुरी नको, तव्यावरचे मुगाचे पुडले द्या," तिने मफतकाकांना सांगितलं.

"बरं. भात?"

"नको. बटाटाही नको. भरली भेंडी, वांग्याचं भरीत, भाजलेलं पनीर, कोशिंबीर, ताक. आणि काका, कशातही गूळ-साखर घालायची नाही."

आमटीतसुद्धा गूळ घातल्याशिवाय ज्यांचा हात थांबत नसे, त्या मफतकाकांनी चष्मा काढला. "निरु, सगाईच आहे ना? बिनगोडाचं सुतकात जेवतात."

"गोळ-धाणे आहेत की. चिमूटभर गूळ आणि धने तोंडात टाकले की सगाई होते. त्याला दूधपाक लागत नाही."

"गावात माझं नाव जाईल."

"मग सांगा, मी रांधलंय."

"हां," मफतकाका म्हणाले, "ते कोणालाही पटेल."

सगाईच्या दिवशी सगळ्यांना एकसारखी ताटं वाढली गेली. व्याही अंबालालभाईंनी भरीत दोनदा मागून घेतलं. पुष्पाबेनच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, तसा निरुबेनचाही जीव भांड्यात पडला.

थोरले दीर रावजीभाई मात्र ताटाकडे बघून धुमसत होते. भावाच्या मागे घराची अब्रू आपल्या डोक्यावर आहे असं ते मानत, आणि ती सांभाळायला त्यांनी मोहनथाळाचा डबा आणला होता. तुपात निथळणारी एक वडी उचलून ते व्याह्यांसमोर आले. "आमच्या निरुला यातलं काही कळत नाही. आधी तोंड गोड करा."

आग्रहाचा घास तिकडे हातात देत नाहीत, तोंडातच कोंबतात. मुलीकडच्यांचा घास नाकारला म्हणजे मुलगी नाकारली. अंबालालभाईंनी मुकाट्याने तोंड उघडलं.

लग्न होऊन आल्यापासून निरुबेन या दिराशी एक शब्द बोलली नव्हती. समोर आले की पदर ओढायचा आणि काही सांगायचं असलंच तर पोरांकरवी सांगायचं, ही घरची रीत. तिने पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

"मोटाभाई, राहू द्या."

रावजीभाईंना तो आवाज कोणाचा हेच आधी कळेना.

"कृपालीच्या पप्पांना शुगर असताना आपण असंच भरवलं," निरुबेन म्हणाली. "तुम्ही भरवलं, मीही भरवलं. डॉक्टर नको म्हणायचे आणि आपण म्हणायचो, एकच, माझ्या हातचा. आधी पाय गेला, मग माणूस गेला. आता या घरात कोणाच्या तोंडात काही कोंबायचं नाही. त्यापायी सोयरीक मोडली तर मोडो."

बोलून गेल्यावर तिला कळलं. जे झाकायला एवढा खटाटोप केला, ते स्वतःच्याच तोंडाने चव्हाट्यावर आलं होतं. कृपाली मान खाली घालून उभी होती.

अंबालालभाईंनी तोंड मिटलं. आपल्या ताटाकडे पाहिलं, मग शेजारच्या, मग समोरच्या. शेवटी बायकोकडे पाहिलं, तर तिने नजर चुकवली.

"म्हणजे ही सगळी पंगत माझ्यापायी पथ्यावर बसलीय?"

त्यांनी हात पुसले. आता हे उठणार, असं निरुबेनला वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी कृपालीला जवळ बोलावलं.

"बेटा, आमच्याकडेही सुनेने सासऱ्यासमोर पदर ओढायचा, बोलायचं नाही, अशी रीत आहे. ती तुला माफ. माझा हात गोडाकडे गेला की तो असाच धरायचा. धरशील?"

"धरेन, पप्पा."

"मग आणा गोळ-धाणे. मला नुसते धने द्या."

रावजीभाई वडी हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांनी ती डब्यात ठेवली, भिंतीला टेकून खाली बसले आणि भावासाठी सगळ्यांदेखत रडले. निरुबेनने डोक्यावरून पदर घेतला नाही. त्यांच्यापुढे ताट ठेवून ती म्हणाली, "मोटाभाई, दोन घास खाऊन घ्या. आग्रह नाही."