आरमारातल्या डॉक्टरांचा ताप

अख्खं ऑफिस दिवसभर एकाच माणसाबद्दल टाइप करत बसलं, की किस्से साठायला वेगळं काही करावं लागत नाही. आमचा माणूस तर कधीच वारलेला!

खराडीत तेव्हा आयटी पार्कांपेक्षा ज्वारीची शेतं जास्त होती. आमच्या छोट्या कंपनीला पहिलंच परदेशी काम मिळालं: एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज आरमारी डॉक्टरांची रोजनिशी आणि पत्रं. तिकडच्या लायब्ररीतून पानांचे फोटो यायचे, ते आम्ही टाइप करायचो. अट एकच, कागदावर आहे तेच आणि तसंच. पदरचा एक शब्द घातला तरी काम दुसऱ्या कंपनीला, आणि आम्ही पुन्हा नोकरीच्या जाहिराती चाळायला मोकळे!

* * *

पहिल्याच दिवशी अक्षर कुणाला लागेना. आमच्या साहेबांना आयडिया सुचली. डॉक्टरांचं अक्षर कोण वाचतं? केमिस्ट! स्वारगेटहून ओळखीचे एक मेडिकलवाले गाडी पाठवून आणवले. त्यांनी चष्मा लावला, पान उलटसुलट केलं आणि परत दिलं.

"छे हो! यात अक्षरं सुटी सुटी दिसतायत. मला सवय नाही."

* * *

तपासणीला एक रिटायर्ड इंग्रजीचे सर होते. त्यांनी डॉक्टरांच्या स्पेलिंगच्या चुका लाल पेनानं सुधारल्या, वर समासात "निष्काळजीपणा" असा शेराही मारला.

साहेब घाबरले. "अहो सर, आहे तसंच ठेवायचंय! आणि ते वारले आता."

"म्हणून चुका सोडून द्यायच्या?"

दुसऱ्या दिवसापासून सरांकडे फक्त पानांचे नंबर जुळवायचं काम आलं.

* * *

आमच्या सुनंदाला टाइप केलेलं जेवताना सांगायची सवय. एकदा ऐन डब्याच्या वेळी डॉक्टरांनी एका खलाशाला रम पाजली आणि करवत काढली. समोर बसलेल्या नितीनची भाजी तशीच राहिली. संध्याकाळी भिंतीवर साहेबांच्या अक्षरात पाटी लागली: "जेवणाच्या सुट्टीत कुणाचाही पाय कापू नये."

* * *

मग डॉक्टरांनाच ताप आला. रोज अक्षर बिघडत गेलं. "आज पेन धरवत नाही," एवढं लिहिलं आणि आमच्याकडची पानं संपली! पुढची काही केल्या येईनात.

नितीन म्हणाला, "अगं, अजून पानं यायची आहेत म्हणजे जगले असणार."

"ती बायकोला आलेली सांत्वनाची पत्रं असतील," सुनंदा म्हणाली आणि तिचे डोळे भरले. खरं सांगतो, मलाही जेवण जाईना.

साहेब केबिनमधून ओरडले, "तुम्हाला पगार टायपिंगचा आहे, सुतकाचा नाही!" पण पुढची पानं आली का, हे दर तासाला तेच विचारत होते.

* * *

शेवटी पानं आली. पहिल्याच पानावर वाकडंतिकडं लिहिलं होतं, "ताप उतरला. थोडी पेज घेतली." आम्ही ते टाइप करून पाठवलं.

आठवड्यानं लायब्ररीतल्या बाईंचा मेल आला. "ताप उतरल्याच्या पानाच्या शेवटी तुम्ही 'थँक गॉड!' असं टाइप केलं आहे. मूळ कागदावर ते नाही."

मी आधी नोकरीच्या जाहिरातींचा पेपर जवळ ओढला. खाली पुढे होतं, "तेवढं काढून टाका. बाकी काम उत्तम. पुढची पानं पाठवते आहे."

हुश्श! साहेबांनी पेढे मागवले, पण चौकशी काही सोडली नाही. आमच्याकडे प्रत्येक पान दोघं वेगवेगळे टाइप करायचे, एक जेवणाच्या सुट्टीआधी आणि एक नंतर. एकाचं दुसऱ्याला दिसायचं नाही. मग कॉम्प्युटर दोन्ही ताडून पाहायचा आणि एका स्वल्पविरामाचा फरक असला, तरी ती जागा लाल करायचा. हे पान होतं सुनंदाचं आणि नितीनचं.

"मी नाही हं साहेब," सुनंदा म्हणाली.

"मी कशाला घालीन?" नितीन म्हणाला.

"आत्ता कळेल," म्हणत साहेबांनी दोघांच्या देखत ते पान उघडलं.

अख्ख्या पानावर लाल काहीच नव्हतं.