बाबारावांच्या फटफटीचं साल

हातातला कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला, आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं. ठेवला? मग ऐका. ज्या गाढवपणावरून बायको मला पाहुण्यांसमोर अजून चिमटे काढते, तो मी आज स्वतःच्या तोंडानं सांगतोय.

मी उमरखेडचा. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण नाव झालं ते कॉपी पकडण्यात. पोराच्या मनगटावर लिहिलेलं सूत्र मला वर्गाच्या दारातून दिसायचं. एकदा तर मी एका पोराच्या हातावरची मेंदी तपासली होती. बहिणीचं लग्न होतं हो बिचाऱ्याच्या! निवृत्त झालो, पण डोळे काही निवृत्त झाले नाहीत. दूधवाला हसला तरी मला वाटतं, आज पाणी जास्त आहे.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या अश्विनीचं लग्न ठरलं. मुलगा निखिल, राहणार बोरी अरब. त्याचे वडील बाबाराव, म्हणजे माझे व्याही. आमच्या बोलीत इवाई. कापूस, तूर, सोयाबीन, घरची ओलिताची शेती. धिप्पाड माणूस, आवाज असा की शेजारच्या वावरातली माणसंही "ओ" देतात.

लग्नाला तीन आठवडे असताना मी काही कामानं त्यांच्याकडे गेलो. जेवण झालं, आणि बाबारावांनी मला गोठ्याशेजारच्या खोलीत नेलं. गोणपाट ओढलं. खाली काय असावं? इटलीची फटफटी! लाल टाकी, गुडघे बसायला टाकीला दोन्ही बाजूंनी खोबण, किक डाव्या बाजूला आणि गिअर उजव्या पायात. म्हणजे आपल्या गाड्यांच्या सगळं उलटं.

"इवाई, तुमी शिकलेले मानसं," बाबाराव म्हणाले. "या गाडीचं साल काढून द्या मले. नागपूरले जुन्या गाड्यांचं प्रदर्शन हाये, फारमात साल भरा म्हनते. कागदं तर उंदरानं खाल्ले."

ऐकलंत? कागदं उंदरानं खाल्ले! अहो, वही गाईनं खाल्ली असं सांगणारी किती पोरं मी पाहिली असतील! माझे कान तिथंच टवकारले.

"अंदाजे कोणतं साल असेल?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"अंदाजे काहून? बासष्ट! ज्या साली मी झालो त्याच साली हे घरी आली. यवतमाळच्या एका शेठनं मागवली होती, पन शेठानी म्हने, मी नाही बसत याच्यावर. मंग माह्या बापानं घेतली. माही माय म्हने, एकाच साली घरात दोन बोंबलनारे आले!"

एवढा रंगवून सांगितलेला किस्सा! खरं बोलणारा माणूस इतकं रंगवतो का? तुम्हीच सांगा.

मी कामाला लागलो. हँडलखाली, गाडीच्या गळ्यावर, एक नंबर ठोकलेला होता. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली, आकडे उमटले. हा फ्रेमचा नंबर. मग जमिनीवर आडवा झालो आणि इंजिनाखाली डोकं घातलं. तिथं इंजिनाच्या पोटावर चांगले ठसठशीत आकडे. तेही उतरवले. दोन्ही कागद शेजारी धरले, आणि माझ्या अंगावर काटा आला.

नंबर जुळत नव्हते!

घरी येऊन मोबाईल उघडला. कुण्या परदेशी हौशी माणसानं यादीच टाकली होती, कोणत्या नंबरची गाडी कोणत्या सालातली. फ्रेमचा नंबर म्हणाला, एकसष्ट. इंजिनाचा म्हणाला, एकोणसत्तर. आणि बाबाराव म्हणतात, बासष्ट. एका गाडीला तीन सालं!

"मंदा," मी बायकोला हाक मारली. "इंजिन बदललेलं आहे."

"मंग? आपन पोरगी इंजिनाले देऊन राह्यलो का?"

"प्रश्न इंजिनाचा नाही. जो माणूस गाडीचं साल खोटं सांगतो, तो काहीही खोटं सांगू शकतो."

"आवो, लगन तीन आठवड्यांवर आलं. कायले उकरून राह्यले?"

पण मी थांबतो होय? त्या दिवसापासून मला एकेक दिसायला लागलं. बाबारावांची विहीर मी पाहिली होती, पण विहिरीत पाणी पाहिलं होतं का? नव्हतं पाहिलं! निखिल बोलताना मान डावीकडे का वळवतो? आमची विहीणबाई सारखी "जेवून जा, जेवून जा" का म्हणते? कशावरून माझं लक्ष उडवायचं असतं तिला?

आणि एके दुपारी, आंबा चोखता चोखता, मला सगळ्यात मोठा धागा सापडला. बाबाराव म्हणतात, गाडी आली त्याच साली माझा जन्म. फ्रेम तर एकसष्टची! म्हणजे बाबारावही एकसष्टचे! मग बासष्ट का सांगतात? एक वर्ष कुठं दडवलं या माणसानं?

"आवो, ते मानूस हाये का मशीन?" मंदा म्हणाली आणि माझ्या हातातली कोय काढून घेतली.

तिला न सांगता मी दुसऱ्या दिवशी एस.टी.नं पुन्हा बोरी अरबला गेलो. तिथल्या शाळेचा मुख्याध्यापक सुधाकर, माझाच विद्यार्थी. शाळेला सुट्ट्या, म्हणून त्याच्या घरीच गेलो. पाणी प्यायलो आणि हळूच म्हणालो, "सुधाकर, बाबारावांची जन्मतारीख काढायची होती. शाळेच्या रजिस्टरात असेल ना?"

"सर, रजिस्टर तर नाही दाखवता येत," तो म्हणाला. "पन तारीख एक जून असन. त्या काळच्या समद्याईची एक जूनच हाये." मग एकदम त्याचे डोळे चमकले. "सर! म्हंजे तुमी येत्या रविवारी, एक जूनले, बाबारावचा वाढदिवस करून राह्यले का?"

आता मी काय म्हणायला हवं होतं? "नाही." एवढा एकच शब्द. पण मला वाटलं, तपास गुप्त राहिला पाहिजे. मी डोळा मारला, हो, मी, निवृत्त शिक्षकानं डोळा मारला, आणि म्हणालो, "तसंच समज. कोणाला सांगू नको."

बोरी अरबमध्ये "कोणाला सांगू नको" म्हटलेली गोष्ट किती वेळ टिकते, माहीत आहे? मी बस स्टँडवर पोचलो तर पानठेल्यावाला मला बघून म्हणाला, "लय चांगलं काम करून राह्यले, गुर्जी!" मला वाटलं, गावातही लोकांना बाबारावांचा संशय आहे. माझी खात्रीच पटली.

शनिवारी बाबारावांचा फोन. "इवाई, उद्या सकाळी घरी या. समदे या." आवाज कसा तरी होता, भरून आल्यासारखा. मी ओळखलं. सुगावा लागला! आता हा माणूस मला गोडीत घेणार.

मी साक्षीदार सोबत घ्यायचं ठरवलं. यवतमाळचे हमीदभाई. जुन्या गाड्यांचे मेकॅनिक. दाढी पांढरी, पण कान असे की रस्त्यानं गेलेल्या गाडीचा व्हॉल्व्ह सैल आहे हे घरात बसून सांगतील. त्यांना म्हटलं, "फक्त एक गाडी पाहायची आहे."

रविवारी सकाळी भाड्याच्या गाडीतून निघालो. मंदा शेजारी, मांडीवर मोठी पिशवी. वाटेत ती माझ्याकडे बघून हसली. लग्नाला तीस वर्षं झाली, असं कौतुकानं तिनं कधी पाहिलं नव्हतं. अर्थातच मला संशय आला.

"मले समदं समजलं बरं," ती म्हणाली. "विहीणबाईनं सांगतलं. मनातलं कोनाले सांगत नाही तुमी!"

म्हणजे विहीणबाई फुटली! नवऱ्याविरुद्ध बोलली! मी मनात म्हटलं, व्वा, आता तर खटला जिंकलाच.

यवतमाळला हमीदभाईंना घेतलं आणि बोरी अरबला पोचलो. अंगणात मांडव. दीडशे तरी माणसं. पाटोडीच्या रश्शाचा वास. मधोमध ती लाल फटफटी, झेंडूचा हार घातलेली. आणि वर केवढा तरी फ्लेक्स: 'बाबारावांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. खाली शुभेच्छुक म्हणून कोणाचा फोटो? माझा! माझ्या मतदार ओळखपत्रावरचा, ज्यात मी स्वतःच आरोपी दिसतो!

अजूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही हो! मला वाटलं, काय डाव टाकलाय! गाव जमवलं, माझा फोटो लावला, म्हणजे मी तोंड उघडू शकणार नाही. पण मला काय समजले हे लोक?

सुधाकरनं माईक घेतला. "आता आपले सर, ज्यायच्या मनात हे कल्पना आली, ते दोन शब्द बोलतीन."

टाळ्या! बाबाराव नवीन शर्टात, कपाळाला कुंकू, खुर्चीच्या काठावर लहान मुलासारखे बसलेले.

मी उभा राहिलो. खिशातून दोन्ही कागद काढले. आणि बोललो.

"मंडळी, मला बोलायला वाईट वाटतं. पण ही गाडी बासष्टची नाही. तिचं इंजिन बदललेलं आहे. फ्रेमचा नंबर वेगळा, इंजिनाचा नंबर वेगळा. आणि गाडीचं साल खोटं असेल तर बाबारावांच्या जन्माचं साल तरी खरं कशावरून? मुलीचा बाप म्हणून मला उत्तर पाहिजे!"

माईकनं एक लांब शिट्टी मारली. पाटोडीचा रस्सा ढवळणारा माणूससुद्धा थांबला. मंदाच्या चेहऱ्यावरचं कौतुक असं गेलं, जशी गावातली लाईट जाते.

"हमीदभाई," मी म्हणालो, "तुम्हीच सांगा सगळ्यांना."

हमीदभाईंनी चष्मा लावला. रॉकेलचा बोळा मागितला. फटफटीजवळ उकिडवे बसले, माझा कागद पाहिला, इंजिनाखाली पाहिलं आणि वर बघून म्हणाले, "मास्तर, हा नंबर तुमी इथून उचलला?"

"हो. इंजिनाच्या पोटावरून."

"हा उठलेला आकडा हाय ना? उठलेला आकडा साच्याचा असते. ज्या साच्यात पोट ओतलं, त्याचा. या जातीच्या समद्या गाड्यायच्या पोटावर हाच भेटन. तुमी शर्टाच्या कॉलरवरची पट्टी वाचून मानसाचं नाव ठरवलं, मास्तर!"

कोणीतरी मागून हसलं. हमीदभाईंनी इंजिनाच्या वरच्या काठावरचं वंगण पुसलं. खाली खोल ठोकलेले बारीक आकडे निघाले. माझ्या मोबाईलमधल्या यादीत त्यांनी बोट फिरवलं.

"एकसष्ट. फ्रेम बी एकसष्ट. इंजिन असली हाय."

"पण… पण हे दोन नंबरही जुळत नाहीत!" मी शेवटचा डाव टाकला.

"नाहीच जुळत! तिकडे फ्रेम अलग बने, इंजिन अलग बने, ज्याचा त्याचा नंबर. जुळले असते तर मले शक आला असता का कोनी ठोकून जुळवले. अन् तिकडे एकसष्टमध्ये बनली, जहाजातून मुंबईले आली, मुंबईहून यवतमाळले आली, तवा बासष्ट लागनारच ना? बाबारावभाऊ सोळा आने खरे."

माझे पाय जमिनीत गेले असते तर बरं झालं असतं. पण बोरी अरबची जमीन उन्हाळ्यात दगडासारखी टणक असते.

बाबाराव उठले. मला वाटलं, आता लग्न मोडलं. पोरीला काय सांगू? पत्रिका वाटून झाल्या होत्या, ती घरी हातावर काढायच्या मेंदीची नक्षी निवडत बसली होती. बाबाराव माझ्यासमोर आले. आवाज एकदम बारीक.

"माहा वाढदिवस आजवर कोनी केला नोता, इवाई. मले वाटलं…"

एवढा मोठा माणूस, आणि त्यानं मान खाली घातली. खरं सांगतो, हसायला लावणारा किस्सा आहे, पण इथं मला आजही हसू येत नाही.

तेवढ्यात मंदा उठली. पिशवीतून शाल काढली, नारळ काढला आणि बाबारावांच्या खांद्यावर शाल टाकली. "भाऊ, हे म्या आनलं. यायच्या नावावर नका धरू."

मी माईक घेतला. माफी मागितली. काय बोललो ते आठवत नाही. दोन वेळा "उघडा पुस्तक, पान नंबर" असं तोंडात आलं होतं म्हणे. बाबारावांनी डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं, फटफटीकडे पाहिलं आणि एकदम त्यांचा तो मूळचा आवाज सुटला.

"साल तर निघालं ना? म्या याइलेच तर काम सांगतलं होतं! फारमात एकसष्ट भरा! अन् केक कापा!"

केकचा पहिला तुकडा त्यांनी मला भरवला. तो घशाखाली उतरायला अर्धा तांब्या पाणी लागलं.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. अहो, संपायला मी शहाणा असायला हवा होता.

दहा दिवसांनी लग्न. कन्यादानाला मी आणि मंदा बसलो. गुरुजींनी माईक माझ्या तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "वराच्या पणजोबांचं नाव सांगा."

मी तोंड उघडलं. या घराची मी विहीर तपासली, इंजिन तपासलं, जन्मसाल तपासलं. पणजोबांचं नाव? कधी विचारलंच नव्हतं! सगळा मांडव माझ्याकडे बघतोय. मंदा कोपरानं ढोसतेय. गुरुजी म्हणतात, "लवकर सांगा, मुहूर्त चाललाय."

आणि माझ्या तोंडून, खणखणीत, वर्गात सांगायचो तशा आवाजात, त्या घराबद्दल मला जे एकच पाठ होतं ते बाहेर पडलं: "शून्य, चार, सात, एक, आठ, तीन!"

आणि पहिल्या रांगेतून बाबाराव ओरडले,

"बरोबर हाये, इवाई! पन हा फ्रेमचा झाला. आता इंजिनाचा सांगा!"