सहाव्या दिवसाची खूण

देव आपलं ऐकतो की नाही, याबद्दल त्या वर्षी माझ्या मनात शंका होती, हे आधीच सांगून टाकतो. आमचं घराणं दोन पिढ्यांचं कॅथलिक. चर्चमधली रविवारची मिस्सा मी कधी चुकवली नाही, पण प्रार्थना करायचो ती नोकरीसारखी. नोकरी अजनीच्या रेल्वे यार्डातली. आलेल्या मालगाडीच्या कडेकडेने चालत जायचं आणि प्रत्येक वॅगनचा क्रमांक वहीत उतरवून घ्यायचा. एक आकडा उलटा पडला तर वॅगन भलत्याच गावी जाते. वीस वर्षांत माझे असे दोनच आकडे चुकले, आणि ते दोन्ही मला अजून पाठ आहेत.

अशा माणसाच्या घरात माझी मुलगी तेरेजा. एकसष्ट सांगितलं की सोळा लिहायची. 'कमळ' सांगितलं की 'मकळ'. दहा वर्षांची, सिस्टरांच्या शाळेत चौथीत, आणि तेही दुसऱ्यांदा. रोज संध्याकाळी मी तिला दहा शब्द लिहायला सांगायचो आणि चुकीला एक पट्टी मारायचो, मोजून. सहासातांच्या खाली पट्ट्या क्वचितच आल्या. हे लिहिताना हात जड होतो, पण गाळलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. बायको म्हणायची, "काहून मारता तिले? मारून अक्षर येते का?" मी म्हणायचो, पोरीचं लक्ष नसतं. अशा अडचणीला काही नाव असतं, हे ना मला ठाऊक होतं ना तिच्या बाईंना.

सहामाहीनंतर मुख्य सिस्टरांनी मला बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. माझ्याइतक्याच थकलेल्या दिसल्या. एका वर्गात साठ मुली आणि एक बाई. "नाताळच्या सुट्टीनंतर हिच्यासाठी दुसरी शाळा पाहा," एवढंच म्हणाल्या. दोनदा चौथीत बसलेल्या मुलीला दुसरी कुठली शाळा घेणार? म्हणजे ती घरीच बसणार, हे मला कळत होतं आणि तेरेजालाही.

मग मी पवित्र मरियेची नोव्हेना धरली. नऊ दिवस, रोज संध्याकाळी, तसबिरीपुढे मेणबत्ती लावून जपमाळ आणि शेवटी लितानी, म्हणजे मातेच्या पन्नासएक नावांची माळ. एकाने नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "आमच्यासाठी विनंती कर." नाव मी पुस्तकातून वाचायचो, उत्तर मायलेकी द्यायच्या. दिवस पार पडला की कॅलेंडरवर पेन्सिलीने एक खूण. मनात अट घातली होती: माझे नऊ दिवस पुरे, मग तेरेजाच्या शाळेचं काय ते तू बघ. अट घालतो आहोत हेही तेव्हा जाणवलं नाही.

सहाव्या दिवशी माझ्या जागी येणारा माणूस आलाच नाही आणि मला सलग दोन पाळ्या कराव्या लागल्या. घरी येऊन बूट काढायला बाकावर बसलो, तो उठलो थेट सकाळी, एक बूट पायात तसाच. कॅलेंडरवर सहावा चौकोन रिकामा. बायकोला काही बोललो नाही, लाज वाटली. उरलेले तीन दिवस म्हटले, पण कोरडेपणाने. नोव्हेना मोडली होती. खुणा आठच झाल्या.

दहाव्या दिवशी तेरेजाला घेऊन दाखल्याचा अर्ज द्यायला शाळेत गेलो. मुख्य सिस्टर वर्गावर होत्या. ऑफिसात एक म्हाताऱ्या सिस्टर वाटाणे सोलत बसल्या होत्या. केरळच्या, त्याच आठवड्यात बदलून आलेल्या. मराठी मोडकी, हिंदीच्या आधाराने चालणारी. त्यांनी अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला.

"इतनी घाई कशाला? बसा. चेहरा तर असा, जैसे रेलगाडी चुकली."

थकव्यामुळे असेल, बायकोला न सांगितलेलं मी त्या अनोळखी बाईला सांगून बसलो. नोव्हेना धरली होती सिस्टर, पण सहावा दिवस चुकला. आता कुठल्या तोंडाने मागू?

तेवढ्यात दप्तर छातीशी धरून उभी असलेली तेरेजा म्हणाली, "नाही चुकला, बाबा. तुम्ही झोपून राहिले होते. आई म्हणली, उठवू नको वं, थकून आले. म्हणून मीच म्हटली सारी लितानी."

"तुले कुठं वाचता येते?" मी म्हणालो. ऑफिसात मी अशी घरची बोली कधी बोलत नाही.

"वाचली नाही. तुमची ऐकली होती ना पाच दिवस."

सिस्टरांचे हात थांबले. "बोल," त्या म्हणाल्या.

तेरेजाने डोळे मिटले आणि सुरू केलं. एक नाव, मग थांबायची. सिस्टर उत्तर द्यायच्या, मग पुढचं नाव. मी सवयीने बोटांवर मोजू लागलो, एखादं नाव गळतं का, मागेपुढे होतं का ते बघायला. एकही गळलं नाही. तिसाच्या पुढे कुठेतरी माझाच आवाज मला ऐकू आला, "आमच्यासाठी विनंती कर," आणि मोजणी सुटली. पुढे किती झाली, मला माहीत नाही.

लितानी संपल्यावर सिस्टरांनी वाटाण्याच्या शेंगा तिच्या ओंजळीत दिल्या आणि मला म्हणाल्या, "डोकं हिचं ठीक आहे. कागदावरून आत जायचा रस्ता खराब आहे. हम दुसऱ्या रस्त्याने जाऊ." मुख्य सिस्टरांशी काय बोलल्या ते मला कळलं नाही. अर्ज परत मिळाला. त्यानंतर त्या रोज मधल्या सुट्टीत तेरेजाला धडे वाचून दाखवू लागल्या, आणि वार्षिक परीक्षेत तिचे प्रश्न तोंडी विचारले गेले. ती चौथी पास झाली, काठावर. जूनमध्ये सिस्टरांची पुन्हा बदली झाली, पण तोंडी विचारायची रीत शाळेत तिच्यापुरती राहिली.

याला चमत्कार म्हणावं, तर तिची अक्षरं अजूनही उलटी पडतात, आणि मी अजूनही थकून घरी येतो. पट्टी मात्र त्या दिवशी बायकोच्या हाती दिली. बायको ती शिवणकामाला वापरते. मी जागा राहिलो असतो, तर ती लितानी तेरेजाच्या तोंडून कधीच ऐकली नसती. माझ्या हातून निसटलेला तेवढा एकच दिवस मातेला मोकळा सापडला, असं आता वाटतं.

ते कॅलेंडर मी जपून ठेवलं आहे. सहावा चौकोन भरावा असं बरेचदा मनात आलं. पेन्सिल तेरेजाच्या हाती देऊन पाहिली. तिने खूण केली, ती शेजारच्या सातव्यावर, माझ्या खुणेच्याच बाजूला. मी ती खोडली नाही.