भट्टीखालचं किलोचं वजन

हसणार नसाल तरच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसालच. चहा तेवढा सांडू नका.

माह्यं संशोधन सिरॅमिकच्या धाग्यावर, म्हणजे चिनीमातीच्या भावकीतल्या. विमानाच्या इंजिनात लावायचा म्हणतात. लालभडक आचेत वजन टांगलं की असे धागे तासातासानं हळूहळू लांबत जातात. माह्या धाग्यानं लांबू नये, एवढंच माह्यं स्वप्न!

लॅबमधली भट्टी बिघडली, म्हणून पुसदले घरी आलतो. शेजारचे रशीदचाचा पितळेचं ओतकाम करतात. त्यांच्या भट्टीत वरून धागा सोडला, खाली किलोचं वजन टांगलं.

सरांनी बजावलं होतं, "पाचपर्यंत निकाल दे, नाहीतर बंगलोरच्या परिषदेला दुसऱ्याला पाठवतो."

परिषदेले जायचं म्हणजे विमानानं! म्या तोवर विमान फक्त मान वर करून पाह्यलेलं.

बारा वाजल्यापासून स्टुलावर बसून भट्टीच्या भोकातून तो केशरी उजेड पाहून राह्यलो. काय उजेड होता राजेहो! त्यात मले ढग दिसले, ढगात खिडकी दिसली, खिडकीत मीच बसलेला दिसलो. मधात कोणीतरी काहीतरी विचारलं. म्या "हो हो" म्हटलं अन् पुन्हा ढगात गेलो.

पाचले भोकातून धाग्यावरची खूण पाह्यली. जागची हलली नव्हती! खाली वाकून कोण पाहते? फोनच लावला.

"सर, केसभरही लांबला नाही!"

"काय सांगतोस! थांब, तिकीट काढतो तुझं."

म्या चाचाले मिठीच मारली. तेवढ्यात भाजीवाल्या कमलमावशी बाजारातून आल्या अन् माह्या हातात वजन ठेवलं.

"घे बाबू तुह्यं किलोचं. माह्यं हरवलं ना, लय कामी आलं."

"हे तुमच्याजवळ काहून?"

"अगा, बारालेच तं मांगितलं तुले! तू 'हो हो' म्हटलं."

चाचा म्हणे, "मियाँ, तूच तं दिलं. मले वाटलं, तुह्या अभ्यासातच असंल ते."

पाच तास धागा मोकळाच लटकून होता. लांबंल कायले? रडूच आलं मले.

"सर, तिकीट रद्द करा. धाग्याले वजनच नव्हतं."

"मग कुठं होतं?"

"बाजारात, सर. कांदे तोलत होतं."

बंगलोरले दुसरा गेला. त्या संध्याकाळी मी तोंड पाडून घरी आलो, तं आई भजे तळून राह्यलती.

"कमलच्या मापात आज जराही खोट नाही बरं! एकदम पक्कं वजन."

"वजन पक्कंच आहे आई," म्या म्हटलं. "तुह्यं पोरगंच कच्चं आहे."